बिऱ्हाड हलवण्याआधी मीटर बघा

नवी मुंबई विमानतळासाठी पनवेल-उलवे पट्ट्यातली 10 गावे उठली. 8 ऑक्टोबर 2025 रोजी विमानतळाचे उद्घाटनही झाले. भूखंड आणि भरपाईवर बोलणे पुष्कळ झाले. पण नव्या घरातला दिवा कोणाच्या नावावर लागतो, हे फारसे कोणी विचारीत नाही. गावात विहीर सगळ्यांची, सरपण बांधावरचे. शहरात वीज, पाणी, गॅस, सगळे कोणाच्या तरी नावावर असते.

तेव्हा शेतकरी बंधूंनो, पनवेलला घर घ्या नाहीतर भाड्याने राहा, आधी महावितरणचे चालू बिल मागा. मागची बाकी किती, ते बघा. जुनी थकबाकी नव्या मालकाच्या गळ्यात पडू शकते. ताबा घ्याल त्या दिवसाचे रीडिंग दोघांच्या सहीने कागदावर लिहून ठेवा. दलाल म्हणेल, "होईल हो सगळं." ऐकू नका. पाणी नळाचे की टँकरचे, आणि मे महिन्यात किती, हे शेजारणीला विचारा, विकणाऱ्याला नव्हे! गावचा सिलिंडर तसाच टेम्पोत टाकू नका. तो रेग्युलेटरसह जुन्या एजन्सीत जमा करून अनामत आणि बदलीचा कागद घ्या.

ग्रामपंचायतीच्या मंडळींनाही सांगणे आहे. गाव सोडणाऱ्याला घरपट्टी-पाणीपट्टीचा बेबाकी दाखला त्याच दिवशी द्या. एकेका खेपेला त्याचा रोज बुडतो. आणि घर दोघांच्या नावावर असेल, तर मीटर घरच्या बाईच्या नावे करायला काय हरकत आहे? बिलाची तारीख तिच्याच ध्यानात असते.