फौजेच्या चोपडीचे पूजन

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी पेढीवर नव्या चोपडीची पूजा होते. पहिल्या पानावर स्वस्तिक काढतात, ‘श्री’ लिहितात, हळदकुंकू वाहतात, लाह्या-बत्तासे वाटतात. पण चोपडीची पूजा केली म्हणून हिशेब तपासायचे सोडले, असा व्यापारी काही अजून जन्माला आलेला नाही. सणाची गडबड ओसरली की तोच शेटजी चष्मा पुसून गादीवर बसतो आणि मुनिमाला विचारतो, “या खात्यात सव्वीस रुपये कमी कसे?” पूजा निराळी आणि तपासणी निराळी. तपासणीमुळे पूजेचे पुण्य उणावते, असे कोणत्याही पोथीत सांगितलेले नाही.

आपल्या देशाची एक चोपडी मात्र अशी आहे, की तिची आपण नुसती पूजाच करतो. ती म्हणजे फौजेच्या खर्चाची. तिचे नाव निघाले की आपण हात जोडतो, डोळे मिटतो आणि ‘जय जवान’ म्हणून मोकळे होतो. मिटलेल्या डोळ्यांनी आकडे वाचता येत नाहीत, हे मात्र कोणाच्या ध्यानात येत नाही.

आज ते आकडे जरा उघड्या डोळ्यांनी पाहू. 2025-26 सालच्या केंद्रीय अंदाजपत्रकात संरक्षणासाठी 6 लाख 81 हजार 210 कोटी रुपयांची तरतूद होती. केंद्राच्या शंभर रुपयांतले जवळजवळ साडेतेरा रुपये झाले. एवढे शून्य पाहून आपल्यासारख्यांना घेरी येते, म्हणून गृहिणी करतात तसा रुपयाचा हिशेब करू. संरक्षणाच्या रुपयातले सव्वीस पैसे नव्या विमाना-तोफा-जहाजांच्या खरेदीला आणि अशाच भांडवली खर्चाला गेले. चोवीस पैसे, म्हणजे 1 लाख 60 हजार 795 कोटी, निवृत्त झालेल्यांच्या पेन्शनीला. उरलेल्या पन्नास पैशांत पगार, शिधा, इंधन, देखभाल, दुरुस्ती आणि कचेऱ्या. याच पन्नासांत माजी सैनिकांच्या औषधपाण्याची योजना येते. 2003 च्या एप्रिलात ती सुरू झाली. तिच्या वाट्याला 2025-26 साली 8,317 कोटी, म्हणजे रुपयातला जेमतेम सव्वा पैसा आला.

हा सव्वा पैसा पुरतो की नाही? चोवीस पैसे फार की थोडे? दुरुस्तीच्या पैशातून नेमके काय दुरुस्त होते? हे प्रश्न कोणी विचारायचे? लोकशाहीत त्यासाठी माणसे नेमलेली आहेत. आपण त्यांना खासदार म्हणतो.

आता भंडाऱ्याकडे येऊ. तलावांचा, भाताचा आणि पितळी भांड्यांचा हा जिल्हा. नागपूरहून भंडाऱ्याला जाताना शहर येण्याआधी जवाहरनगर लागते. तिथे सरकारी दारूगोळ्याचा कारखाना आहे. 1962 साली चीनने आपल्याला जो धडा शिकवला, त्यानंतरचा हा कारखाना. त्या नोव्हेंबरात यशवंतराव चव्हाण मुंबई सोडून संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला गेले आणि हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला, असे महाराष्ट्र अभिमानाने म्हणू लागला. संरक्षण उत्पादनाचे वेगळे खाते त्याच सुमाराला निघाले. भंडाऱ्याचा कारखाना 1964 चा. तोफेतला गोळा आणि बंदुकीतली गोळी पुढे लोटणारी जी दारू लागते, ती इथे तयार होते आणि स्फोटकेही होतात. सरहद्दीवर जवान चाप ओढतो, तेव्हा त्या आवाजात भंडारा जिल्ह्यातल्या कोणा कामगाराची पाळी मिसळलेली असते.

24 जानेवारी 2025 रोजी सकाळी याच कारखान्याच्या एका विभागात स्फोट झाला. छत कोसळले. आठ कामगार गेले. आवाज कित्येक किलोमीटरवर ऐकू गेला. आसपासच्या गावांतली माणसे फाटकापाशी धावली आणि आपला माणूस कोणत्या पाळीला होता, याची चौकशी करत उभी राहिली. दोन दिवसांनी प्रजासत्ताक दिन होता. दिल्लीच्या संचलनात तोफा दिमाखाने गेल्या. आणि स्फोटानंतर आठव्या दिवशी, 1 फेब्रुवारीला, नवे अंदाजपत्रक संसदेपुढे आले.

साधा मनुष्य म्हणेल, आता तरी सभागृहात कोणी उठून विचारील, की बाबांनो, दारूगोळ्याच्या कारखान्यांतल्या इमारती किती वर्षांच्या आहेत? त्यांची तपासणी कोण करतो? तपासणीचा कागद कोणाच्या टेबलावर जातो आणि तिथे किती दिवस पडून राहतो? अशा प्रश्नांसाठीच खात्याच्या खर्चाच्या मागण्यांवर चर्चा ठेवलेली असते. पण 2025 च्या मार्चमध्ये लोकसभेत रेल्वे, जलशक्ती आणि कृषी या तीन मंत्रालयांच्या मागण्यांवर चर्चा झाली. संरक्षणाची पाळी आलीच नाही. 21 मार्चला राहिलेल्या साऱ्या मागण्या एका झटक्यात मंजूर झाल्या.

या झटक्याला संसदेच्या भाषेत ‘गिलोटिन’ म्हणतात. फ्रेंच राज्यक्रांतीत माणसांची मुंडकी ज्या यंत्राने उडवीत, त्याचेच हे नाव. ठरलेल्या दिवशी ठरलेली वेळ झाली की अध्यक्ष उरलेल्या मागण्या एकत्र मताला टाकतात, ‘होय’चा आवाज होतो आणि काम संपते. वेळ थोडा आणि मंत्रालये फार, तेव्हा ही सोय अगदीच अनाठायी आहे असे नाही. पण 2018 साली आणि पुन्हा 2023 साली गोंधळात एकाही मंत्रालयावर चर्चा न होता संपूर्ण अंदाजपत्रक या यंत्राखालून गेले. किराण्याच्या यादीत एक किलो साखर जास्त दिसली तर घरात अर्धा तास वाद होतो. इथे लाखो कोटींना तेवढीही वाट पाहावी लागली नाही.

न्यायाने बोलायचे तर संरक्षणाची एक स्थायी समिती आहे. 1993 पासून अशा समित्या मागण्या बारकाईने पाहतात, अधिकाऱ्यांना बोलावून विचारतात, जाडजूड अहवाल देतात. महालेखापरीक्षकही आपले काम करतात. पण समितीचे काम बंद दाराआड चालते. तिचा अहवाल वाचून भर सभागृहात मंत्र्याला उभे करणे, हे काम सभागृहाचे. नाही तर वैद्याने नाडी पाहायची, चिठ्ठी लिहायची आणि ती चिठ्ठी देव्हाऱ्यात ठेवून रोग्याने बरे व्हायचे, असा प्रकार होतो.

यावर एक ठरलेले उत्तर मिळते. फौजेच्या गोष्टी गुप्त असतात, त्यांची चावडीवर चर्चा करू नये. अर्धे उत्तर बरोबर आहे. क्षेपणास्त्र कसे बनते, हे कोणी विचारू नये. पण भिंत किती जुनी आहे, हे गुप्त कसे? खेड्यातल्या माजी सैनिकाला औषधाच्या गोळ्यांसाठी किती कोस जावे लागते, हे शत्रूला कळले तर त्याचा काय फायदा? झाकायच्या गोष्टी थोड्या असतात. झाकल्या जातात पुष्कळ.

पूर्वी तरी काय होते, असे कोणी विचारील. 1962 च्या नोव्हेंबरात, प्रत्यक्ष लढाई चालू असताना, लोकसभेने कित्येक दिवस चर्चा केली आणि त्यात 165 सभासद बोलले. पंडितजींना पुष्कळ कडू ऐकावे लागले. त्या चर्चेने देश दुबळा झाला नाही.

त्याहून जुना दाखला तर भंडाऱ्याशीच जोडलेला आहे. 1951 साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला, तेव्हा आपल्या निवेदनात त्यांनी एक हिशेब मांडला होता. सरकारचे वार्षिक उत्पन्न सुमारे 350 कोटी, त्यातले 180 कोटी फौजेवर. हा बोजा प्रचंड आहे आणि त्याचे मूळ आपल्या परराष्ट्र धोरणात आहे, असे त्यांचे म्हणणे. ते निवेदन सभागृहात वाचण्याला अडथळा आला, तेव्हा त्यांनी ते बाहेर प्रसिद्ध केले. 1954 साली हेच बाबासाहेब भंडाऱ्यातून लोकसभेची पोटनिवडणूक लढले आणि हरले. त्यांचे मत पटो वा न पटो. पण फौजेच्या चोपडीवर बोट ठेवून ‘हे का?’ असे विचारणारा मनुष्य देशाची राज्यघटना घडवणारा होता, हे लक्षात ठेवावे. प्रश्न विचारणे हा द्रोह असता, तर तो पहिल्यांदा त्यांच्या माथी बसला असता.

आता जवाहरनगरच्या कामगाराचे पाहा. हा माणूस सैनिक नाही आणि साधा गिरणीकामगारही नाही. हाताखाली स्फोटक, पण अंगावर गणवेश नाही. 2021 साली कारखाने चालवणारे मंडळ सरकारने मोडायचे ठरवले, तेव्हा कामगार संघटनांनी संपाची भाषा केली. त्याबरोबर संप करणाऱ्याला एक वर्षापर्यंत तुरुंग किंवा दहा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, असा कायदा आला. 3 ऑगस्टला तो लोकसभेने गोंधळातच मंजूर केला आणि 5 तारखेला राज्यसभेने. 1 ऑक्टोबर 2021 रोजी देशातले 41 कारखाने सात सरकारी कंपन्यांत वाटले गेले. त्यांतले दहा महाराष्ट्रातले. भंडाऱ्याचा कारखाना पुण्यात मुख्यालय असलेल्या म्युनिशन्स इंडिया कंपनीकडे गेला. पूर्वी या कारखान्यांचा खर्च संरक्षणाच्या मागण्यांत वेगळ्या शीर्षकाखाली दिसे. आता कंपनीची स्वतःची चोपडी झाली. कंपनी चांगली की मंडळ चांगले, हा वाद तज्ज्ञांचा. पण ज्याचा जीव त्या छताखाली आहे, त्याच्या संपाची वाट बंद करताना त्याचे म्हणणे सभागृहाने शांतपणे ऐकून घेतले असते, तर बिघडले काय असते?

उलट, विचारले म्हणजे काय होते तेही पाहा. एकाच हुद्द्यावरून, तेवढीच नोकरी करून निवृत्त झालेल्या दोन सैनिकांना, केवळ निवृत्तीचे साल वेगळे म्हणून कमीजास्त पेन्शन मिळे. हे प्रकरण राज्यसभेच्या याचिका समितीपुढे गेले. भगतसिंह कोश्यारी, जे पुढे आपल्या राज्याचे राज्यपाल झाले, ते समितीचे अध्यक्ष होते. 2011 च्या डिसेंबरात समितीने माजी सैनिकांच्या बाजूने अहवाल दिला. 2014 च्या फेब्रुवारीत सरकारने त्यासाठी 500 कोटी काढून ठेवले. खरा हिशेब झाला तेव्हा वर्षाचा वाढीव खर्च सात हजार कोटींच्या वर निघाला! पुढे निवृत्त सैनिक जंतरमंतरवर धरणे धरून बसले आणि 7 नोव्हेंबर 2015 रोजी ‘वन रँक, वन पेन्शन’चा आदेश निघाला. अर्ज, अहवाल, धरणे आणि पुष्कळ वादावादी, इतके झाल्यावर म्हाताऱ्या हवालदाराच्या पासबुकात चार पैसे जास्त पडले. नुसत्या जयजयकाराने पडले नसते.

पेन्शन वाढली की शस्त्रांना पैसा कमी पडतो, हेही खरेच. 2022 च्या जूनमध्ये अग्निपथ योजना आली. चार वर्षांची नोकरी आणि चौघांतल्या तिघांना पेन्शन नाही. बरी-वाईट कशीही असो, खेड्यापाड्यांतल्या हजारो घरांचे गणित बदलणारी ही गोष्ट मंत्रिमंडळाच्या निर्णयाने आली, कायद्याच्या वाटेने नव्हे. म्हणजे चोपडीतली सर्वांत मोठी खाडाखोडसुद्धा चर्चेची वाट न पाहता झाली.

हे सारे दिल्लीचे. आपण काय करणार, असे म्हणून पान उलटू नका. माजी सैनिकांचा कारभार पाहणारी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालये जिल्ह्याजिल्ह्यांत आहेत. त्यांच्या खर्चाचा साठ टक्के वाटा केंद्राचा आणि चाळीस टक्के राज्याचा. म्हणजे विधवेची पेन्शन अडली, मुलाची शिष्यवृत्ती रखडली, तर त्या कार्यालयात माणूस आहे की खुर्ची रिकामी आहे, हा प्रश्न आपल्या आमदारालाही विचारता येतो. आणि नागपूर करारामुळे विधिमंडळाचे एक अधिवेशन नागपुरात भरते. तिथून जवाहरनगर मोटारीने तासाभरावर आहे.

7 डिसेंबरला ध्वजदिन येतो. 1949 पासून येतो आहे. मुलांच्या शाळेतून डबा फिरेल, आपण नोट टाकू, सदऱ्यावर छोटासा झेंडा लावू. जरूर लावावा. पण त्याच दिवशी एक पोस्टकार्डही लिहावे. पक्ष कोणताही असो, आपल्या खासदाराच्या नावाने. मजकूर फार नको. ‘संरक्षणाच्या मागण्यांवर यंदा सभागृहात चर्चा होईल का? झाली तर आपण दारूगोळ्याच्या कारखान्यांतल्या सुरक्षिततेबद्दल आणि माजी सैनिकांच्या दवाखान्यांबद्दल विचाराल का?’ एवढ्या दोन ओळी पुरेत. उत्तर आले तर जपून ठेवावे. नाही आले, तर मतदानाच्या दिवसापर्यंत आठवण जपून ठेवावी.