रंग जपा, माणूसही जपा
पावसाळा सरला की लोणावळा-अलिबागकडच्या बंगल्यांत पोहण्याच्या तलावाभोवतीच्या रंगीत काँक्रीटवर शेवाळ धरलेलं असतं, आणि ते काढायला आधी हात जातो तो ॲसिडच्या बाटलीकडे. तो आवरायलाच हवा. अशा काँक्रीटला दिलेला ॲसिड स्टेनचा रंग वरून फासलेला नसतो. त्यातले धातूंचे क्षार सिमेंटमधल्या चुन्याशी संयोग पावतात आणि रंग काँक्रीटच्या पृष्ठभागातच तयार होतो. वरचा सीलरचा पातळ थर त्याला राखतो. बाटलीतलं हायड्रोक्लोरिक ॲसिड मात्र सिमेंटच खातं, म्हणून रंग जातो आणि खरबरीत झालेल्या जागी शेवाळ आणखी घट्ट बसतं. त्याहून मोठा धोका माणसाला आहे. तलावासाठी ठेवलेलं क्लोरीन किंवा ब्लीच या ॲसिडमध्ये मिसळलं, तर विषारी क्लोरीन वायू सुटतो, आणि तो छातीत भरतो वाकून घासणाऱ्याच्या. योग्य रीत साधी आहे. आधी माती-पाला झाडून काढा, पीएच ७ च्या आसपासचा सौम्य साबण पाण्यात मिसळा, एका कोपऱ्यात करून बघा, मग नायलॉनच्या ब्रशनं घासा. तारेचा ब्रश नको. फेस वाळू देऊ नका आणि धुवण तलावात जाऊ देऊ नका. पाण्याचे थेंब वर न थांबता लगेच मुरले, तर सीलर झिजला समजा. नवा देताना पाय घसरणार नाही असाच निवडा. घासणाऱ्याला रबरी बूट, हातमोजे आणि चष्मा देणं हे मालकाचं कर्तव्य आहे, आणि काम सुरू होण्याआधीच ते पार पडलं पाहिजे.