सोडले म्हणजे सुटले?

परवा काकांचा फोन आला होता. मोठ्या समाधानाने म्हणाले, "आता फ्लॅटमध्ये चाललोय ना, म्हणून हौदातले गोल्डफिश आणि कोई गावच्या तळ्यात सोडून आलो. मुके जीव मोकळे झाले. तेवढंच पुण्य!"

फोनवर मी गप्प बसलो. इथे बोलतो.

अहो, कसलं पुण्य? माझ्या परसातल्या हौदात हेच मासे आहेत. आणले तेव्हा बोटाएवढे होते, आठ वर्षांत कोई हातभर झाले. ही सगळी कार्पची जात. तळाचा गाळ उकरून खायची यांना सवय. पाणी गढूळ झालं की ऊन आत पोचत नाही, पाणवनस्पती मरतात. मग तिथल्या मूळच्या माशांनी अंडी घालायची कुठे, लपायचं कुठे? अमेरिकेत मिनेसोटातल्या बर्न्सव्हिल शहराला २०२१ साली लोकांना सांगावं लागलं, की बाबांनो, घरचे गोल्डफिश तळ्यात सोडू नका. तिथल्या तळ्यात ते चांगलेच थोराड होऊन बसले होते.

म्हणजे हिशोब सरळ आहे. सोडलेले मासे बगळ्याने टिपले तर ते तुम्ही मारले. जगले, वाढले, तर तळं मारलं. यात सुटका झाली ती फक्त आपली!

पाणी बदलायचा कंटाळा मलाही येतो. पण पाळणं झेपत नसेल तर दुसऱ्या पाळणाऱ्याला द्या, दुकानदाराला विचारा. तेही नाही जमलं तर मला फोन करा. हौदात अजून जागा आहे.

असो. काका, वाचत असाल तर रागावू नका. आणि रागावलात तरी पुढच्या वेळी बादली इकडेच आणा.