आधी वायरिंग, मग टर्बो

गेल्या पालक सभेनंतर दोन पालक मला वर्कशॉपच्या दारात भेटले. त्यांपैकी एकांचा मुलगा सुट्टीत घरी जुनी मारुती झेन उघडून बसला होता. तिला टर्बो बसवून ट्रॅकवर पळवायची, असे त्याने ठरवले आहे. "सर, हे खूळ त्याच्या डोक्यातून काढा. एनडीएची परीक्षा तोंडावर आली आहे," असे त्यांचे म्हणणे. दुसरे पालक म्हणाले, "उलट शाळेनेच हे शिकवायला हवे." त्या वेळी मी दोघांनाही उत्तर दिले नाही. ते येथे देतो.

माझे मत असे, की मुलांना गाडी बनवू द्यावी. पण आपल्या गाडीतली प्रत्येक वायर कोठून निघते व कोठे जाते हे ज्याला कागदावर काढून दाखवता येत नाही, त्याने टर्बोला हात लावू नये.

जबलपूरच्या मुलाला गाड्यांचे वेड लागले तर त्यात नवल नाही. माझे वडील येथील व्हेइकल फॅक्टरीत होते. 1969 साली सुरू झालेल्या या कारखान्याच्या गाड्या पाहतच आमची पिढी वाढली. 'जोंगा' हे नावच मुळी जबलपूर ऑर्डनन्स अँड गन कॅरेज असेंब्ली या शब्दांवरून आले. पुढे येथे बनलेल्या टाटांच्या 713 टीसी ट्रकमधील 'टीसी' म्हणजे टर्बोचार्ज्ड. तेव्हा टर्बो ही काही परदेशी मासिकांतली चीज नव्हे. ती आपल्या शहराच्या रस्त्यांवर ओझे वाहत आली आहे.

टर्बोचे काम समजायला सोपे आहे. एरवी सायलेन्सरमधून वाया जाणारा गरम धूर एक चक्र फिरवतो. त्याच दांड्यावरचे दुसरे चक्र बाहेरची हवा दाबून इंजिनात भरते. हवा जास्त, म्हणून पेट्रोलही जास्त, म्हणून ताकद जास्त. मिनिटाला एक लाखाहून अधिक फेरे घेणारे हे यंत्र पूर्ण जोरात असताना त्यातून जाणारा वायू 800 अंशांच्या पुढे जाऊ शकतो. आणि साध्या पीव्हीसी वायरचे आवरण फार तर 105 अंश सोसते. अडचण येथूनच सुरू होते.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. ईएमईमध्ये वाहनांचा इलेक्ट्रिशियन म्हणून अनेक वर्षे काढून मी निवृत्त झालो आणि भाच्याच्या हट्टापायी घरामागच्या अंगणात एका जुन्या मारुती एस्टीमला टर्बो बसवायला घेतला. पहिल्यांदा इंजिन सुरू करायची घाई होती. पेट्रोल पंपाला नवी वायर हवी होती. मी ती थेट बॅटरीवरून ओढली. फ्यूज घातला नाही. "तात्पुरती आहे, उद्या नीट करू," असे मीच म्हणालो.

दहा मिनिटे इंजिन छान चालले. मग भाच्याने दोन-तीनदा रेस दिली आणि जळक्या प्लास्टिकचा वास आला. वायर टर्बोच्या अगदी जवळून गेली होती. आवरण वितळले, तांबे बॉडीला टेकले आणि बॅटरीचा सगळा करंट त्या एका वायरमधून धावू लागला. डॅशबोर्डखालून धूर निघाला. भाचा रेसिंगच्या पट्ट्यांनी सीटला बांधलेला. "मामा, बकल उघडत नाही!" ही त्याची हाक आजही कानांत आहे. दहा नंबरचा पाना बोनेटवरच पडला होता म्हणून मी बॅटरीचे टर्मिनल काढू शकलो. पाना आत पेटीत असता तर काय झाले असते, याचा विचार मी आजही टाळतो.

चहाच्या कपाएवढ्या किमतीचा एक फ्यूज बॅटरीशेजारी असता तर वायर तापण्याआधीच तो उडाला असता. फ्यूज पंपाला वाचवण्यासाठी नसतो, वायरला वाचवण्यासाठी असतो. हे मी शेकडो जवानांना शिकवले होते. मला ते माहीत नव्हते असे नाही. मी घाई केली.

वायरिंगची चूक नेहमी धुरानेच कळते असेही नाही. पंपाची अर्थ नीट घासून बसवली नसेल, तर त्याला साडेतेरा व्होल्टऐवजी अकराच मिळतात. मंद वेगात काही कळत नाही. टर्बोने हवा भरली की पेट्रोल कमी पडते, सिलिंडरमध्ये ठोके पडू लागतात आणि पिस्टनला भोक पडते. मुले मग टर्बोला दोष देतात. खरा दोष एका गंजलेल्या बोल्टाचा असतो. पंप चालू ठेवून त्याच्या अर्थपासून बॅटरीच्या ऋण टोकापर्यंत मल्टिमीटर लावा. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दिसला, तर काम तिथेच थांबवा.

त्या घटनेनंतर आम्ही सगळी वायरिंग उपटून काढली. भाच्याने चार महिने फक्त आकृती काढली. प्रत्येक वायरला रंग, जाडी, फ्यूज आणि क्रमांक दिला. पत्र्यातून वायर जाते तेथे रबरी ग्रोमेट बसवले. बाहेरूनही बंद करता येईल असा मुख्य स्विच लावला. अग्निशामक हाताशी ठेवला. मगच किल्ली फिरवली. आपल्या छावणीत सिग्नल कोअरचे प्रशिक्षण केंद्र आहे. लाइनला खूण न करता ती टाकणाऱ्याला तेथे काय ऐकावे लागते, हे कॅडेटांनी एकदा विचारून पाहावे.

"यात अभ्यासाचा वेळ जातो," ही पहिल्या पालकांची तक्रार खरी आहे. खर्चही होतो. म्हणून मी म्हणतो, परीक्षेच्या वर्षी टर्बो नको. पण आकृती काढायला कागद, पेन्सिल आणि एक मल्टिमीटर पुरतो. शिवाय त्यातले ओहमचे सूत्र परीक्षेतही विचारतात. इंजिनिअरिंगला जाणाऱ्यांसाठी पिथमपूरला होणारी बाहा स्पर्धा आहे. तेथे चालकाजवळ एक आणि गाडीबाहेर एक, असे दोन किल स्विच लागतात. तपासणीत नापास झालेली गाडी मैदानात उतरत नाही.

दुसऱ्या पालकांनाही एक गोष्ट सांगायची आहे. अशी गाडी रस्त्यावर आणायची नाही. मोटार वाहन कायद्याचे कलम 52 मूळ निर्मात्याच्या तपशिलाशी न जुळणारे बदल करू देत नाही आणि ते योग्यच आहे. ट्रॅकवर धोका पत्करणारा स्वतःच्या मर्जीने आलेला असतो. सदरच्या गर्दीत सायकलवरून जाणाऱ्या माणसाला कोणी विचारलेले नसते. आमची एस्टीम अंगणातून बाहेर पडेल ती ट्रकवर चढूनच.

झेन उघडून बसलेल्या त्या कॅडेटने सुट्टी संपल्यावर वायरिंगची आकृती घेऊन माझ्याकडे यावे. टर्बोचे आपण त्यानंतर बोलू.