थाळनेरचा ‘बंडखोर’

शिरपूरजवळ थाळनेरला रील काढायला गेलात, तर तापीकाठचा पडका किल्ला आणि फारुकी सुलतानांच्या कबरी दिसतील. त्याच किल्ल्यात २७ फेब्रुवारी १८१८ला किल्लेदार तुळशीराम मामाला फाशी दिली. गुन्हा? बंड.

पण बंड कुणाविरुद्ध? महिदपूरची लढाई हरल्यावर ६ जानेवारी १८१८ला मंदसोरचा तह झाला. अल्पवयीन मल्हारराव होळकरांच्या नावाने खान्देश कंपनीला देऊन टाकला. सात आठवड्यांत जनरल हिस्लॉप फौजेसह थाळनेरला हजर. किल्ला राखणं कालपर्यंत चाकरी होती, आज तोच द्रोह झाला.

‘त्याला आधी इशारा दिला होता,’ असं म्हणणारे आहेत. दिला होता, खरं. पण तोफा चालल्यावर किल्लेदार स्वतः बाहेर येऊन स्वाधीन झाला होता. त्यानंतर आतल्या दरवाजाशी गोंधळ झाला, मेजर गॉर्डन आणि कॅप्टन मॅकग्रेगर मारले गेले. कंपनीच्या फौजेने आतली सुमारे तीनशे माणसं कापली. आणि त्या चकमकीत नसलेल्या किल्लेदाराला त्याच संध्याकाळी, रीतसर खटल्याशिवाय, लटकवलं. हे इतकं उघड होतं की मार्च १८१९मध्ये लंडनच्या पार्लमेंटने फौजेचे आभार मानताना थाळनेरच्या फाशीला आपली संमती समजू नये, असं वेगळं नोंदवलं. बस, तेवढंच.

होळकरांचं राज्य काही लोकशाही नव्हतं. पण कंपनीला इथे कुणालाच जाब द्यायचा नव्हता. पुढे धुळ्यात बसलेल्या कॅप्टन ब्रिग्जच्या हाती वसुलीही आली आणि न्यायही. सातपुड्यातले भिल्ल वर्षानुवर्षं लढले, तर कागदोपत्री ते ‘लुटारू’. १८२५मध्ये त्यांच्यातल्याच तरुणांची पलटण आउट्रमने उभी केली, ठाणं धरणगावला. तीच माणसं, कंपनीचा पगार घेतल्यावर ‘शिपाई’.

नवी हुकूमत तोफेच्या आधी शब्द ताब्यात घेते. तोफा गेल्या, शब्द आपल्या तोंडी राहिले. कंपनी जाऊन दीडशेवर वर्षं झाली, तरी तिने दिलेली शिवी आपण इतिहास म्हणून पाठ करतो. आजही सत्तेला ‘नाही’ म्हणणाऱ्याला पहिलं नाव कोण ठेवतं, ते बघा.

थाळनेरला जरूर जा. कॅप्शनमध्ये फक्त ‘बंडखोर’ लिहू नका. किल्लेदार लिहा.