ताकाला जाऊन भांडं का लपवायचं?

मे महिन्यातली गोष्ट. नात पुण्याहून सुट्टीला आली होती. आल्या आल्या तिनं जाहीर केलं, "आजी, उद्या नाश्त्याला मी फ्लफी बटरमिल्क पॅनकेक करणार." म्हटलं, कर बाई. सकाळी स्वयंपाकघरात जाऊन बघते तो काय, मोबाईल बरणीला टेकवून ही पोरगी कपभर दुधात लिंबू पिळते आहे! का, तर म्हणे, "बटरमिल्क नाहीये ना घरात, मग असंच करायचं असतं." मी फ्रिजमधलं पातेलं काढून तिच्यापुढे ठेवलं. आदल्या दिवशीचं, चांगलं आंबटढाण ताक. तर म्हणाली, "अगं आजी, हे ताक आहे!"

आधी हसू आलं, मग राग आला. तिचा नव्हे. मुलांना ज्यांनी हे असं शिकवलं त्यांचा, आणि त्यात आपण सगळेच आलो.

आमच्या सोलापुरात भिंतीपलीकडचे कन्नड शेजारी ताकाला मज्जिगे म्हणतात, तेलुगू शेजारी मज्जिगा म्हणतात. तीन भाषांत नाव असलेली वस्तू घरात असताना चौथ्या भाषेतलं नाव दिसलं की आपल्याला ती ओळखू येत नाही! बटरमिल्क म्हणजे मुळात लोणी काढून घेतल्यावर खाली उरतं ते. अमेरिकेत हल्ली दुकानात मिळतं ते कमी सायीच्या दुधाला विरजण लावून केलेलं, दाटसर असतं. आपलं पिण्याचं ताक त्यापेक्षा पातळ, एवढाच काय तो फरक. पाणी बेतानं घालून घुसळलं की झालं काम. लिंबू पिळलेलं दूध ही ज्यांच्या घरात ताक नाही त्यांची सोय आहे. सोलापूरच्या उन्हाळ्यात सकाळचं ताक संध्याकाळपर्यंत आंबतं, आपण कशाला ती उसनी घ्यायची?

मी शास्त्राची बाई नव्हे, मराठी आणि इतिहास शिकवला. पण सातवीला सामान्य विज्ञानाचे तास घ्यायची वेळ पुष्कळदा आली. ताकात आम्ल असतं, खाण्याचा सोडा आम्लारी. दोघं भेटले की कार्बन डायऑक्साइड वायू सुटतो, त्याचे बुडबुडे पिठात अडकतात आणि तव्यावरच्या उष्णतेनं फुगतात. पॅनकेकचं सगळं 'फ्लफी'पण ते एवढंच. माझ्या सासूबाईंना अक्षरओळख नव्हती. पण धिरड्याचं पीठ आंबट ताकात कालवून ठेवायच्या आणि चिमूटभर सोडा मात्र तवा तापल्यावरच घालायच्या. "आधी घातला की त्याचा जीव जातो," म्हणायच्या. वायू निघून जातो हे त्यांना कुणी शिकवलं होतं?

दुसऱ्या दिवशी चिरंजीव आले, ते पॅनकेकच्या तयार पिठाचं पाकीट घेऊन. नुसतं पाणी घाला! चष्मा लावून मागची बारीक अक्षरं वाचली. मैदा, साखर, दुधाची पावडर, फुगवणारे पदार्थ. म्हणजे डब्यातलंच सगळं, रंगीत कागदात घालून. आणि पुढच्या बाजूला छापलेलं, आजीच्या हातची चव! अरे, आजी इथे जिवंत बसली आहे!

ही युक्ती आजची नाही. अमेरिकेत 1889 साली मिसुरी राज्यात दोघा गिरणीवाल्यांनी पॅनकेकचं तयार पीठ विकायला काढलं. नाव ठेवलं 'आंट जेमायमा', आणि मग एका काळ्या स्वयंपाकिणीचं चित्र. 1893 च्या शिकागो प्रदर्शनात (ज्याच्या निमित्तानं भरलेली सर्वधर्म परिषद विवेकानंदांमुळे आपल्याला ठाऊक आहे) नॅन्सी ग्रीन नावाच्या बाई जेमायमा बनून पॅनकेक करून दाखवत होत्या. या बाई गुलामगिरीत जन्मलेल्या. पाककृती त्यांची नव्हे, कंपनी त्यांची नव्हे, नावसुद्धा त्यांचं नव्हे. टीका होऊन ते नाव 2021 मध्ये बदललं, तोवर सव्वाशेच्या वर वर्षं गेली होती. हाताचं कौशल्य बाजूला सारायचं आणि हाताचं चित्र मात्र विकायचं. आपल्याकडच्या पाकिटावरची नऊवारीतली हसरी आजी दिसली की मला त्या बाई आठवतात.

सूनबाई हे वाचणार आहेत, म्हणून आधीच सांगते. "आई, वेळ कुठे असतो?" हे त्यांचं म्हणणं मला मान्य आहे. शाळेच्या घाईत मीही तयार पिठाची पाकिटं आणली आहेत. होस्टेलच्या खोलीत राहणाऱ्या मुलानं खुशाल आणावं. पण वेळ वाचतो तो किती? पीठ, साखर, सोडा मोजायला दोन मिनिटं. तवा तापेपर्यंत होतं. तेवढ्यासाठी पोरांना सोडा कशाला घालतात हे कधी कळूच नये?

तर आमच्या घरचं प्रमाण असं. एक वाटी पीठ, निम्मा मैदा आणि निम्मी कणीक. त्यात एक मोठा चमचा साखर, चिमूट मीठ, चहाचा सपाट अर्धा चमचा सोडा. वाटीभर दाट आंबट ताक आणि दोन चमचे पातळ केलेलं लोणी. अंडं आम्ही घालत नाही, अडत नाही. ओलं-कोरडं एकत्र केल्यावर आठ-दहा वेळाच ढवळायचं, गुठळ्या राहिल्या तरी राहू द्यायच्या. फार घोटलं की गव्हाचा चिकटपणा वाढून चिवट होतात. लगेच मंद आचेवर पळीभर पीठ घालायचं, पसरायचं नाही. वर बुडबुडे येऊन फुटले की एकदाच उलटायचं, उलथन्यानं दाबायचं नाही. कणकेऐवजी ज्वारीचं पीठ घातलंत तर चव छान येते, पण फुगतात कमी. ज्वारीला तो चिकटपणा नाही.

नातीनं ताकातले केले, लिंबाच्या दुधातलेही केले. शेजारी ठेवून खाल्ले. ताकातले उंच झाले होते. त्यांना धिरडं म्हणायचं की पॅनकेक, यावर आमचं भांडण झालं नाही. पॅनकेक म्हणा, माझी हरकत नाही. फक्त ताकाला ताक म्हणा.

जाताना तिनं पुण्याला काय नेलं असेल? विरजणाची वाटी, फडकं बांधून. पाकीट इथेच राहिलंय. कुणाला हवं असेल तर घेऊन जा.