आढीत घातलेला डोळा

गेल्या महिन्यात आमच्या ज्येष्ठ नागरिकांच्या मेळाव्यात एका गृहस्थांनी डोळ्यांच्या आरोग्यावर पाऊण तास व्याख्यान दिलं. गृहस्थ डॉक्टर नव्हेत. पण खणखणीत आवाज आणि स्वतःविषयी शून्य शंका एवढ्या भांडवलावर आपल्याकडे कुठल्याही विषयाचं तज्ज्ञ होता येतं. त्यांचा पूर्वपक्ष थोडक्यात असा : मोतीबिंदू पुरता पिकल्याशिवाय त्याला हात लावू नये. कच्चा काढला तर परत येतो. हल्लीचे डॉक्टर धंद्यापायी घाई करतात. होता होईतो थेंबांवर भागवावं आणि नाइलाजच झाला तर ऑपरेशन थंडीत करावं. टाळ्या पडल्या. माझ्या शेजारच्या बाईंनी 'पिकल्याशिवाय नाही' हे शब्द वहीत उतरवून घेतले. टाळ्यांचं मला काही वाटलं नाही. त्या वहीने मात्र झोप उडवली.

किरकोळ मुद्दे आधी उरकतो. मोतीबिंदू विरघळवणारा थेंब अजून कुठल्याच बाटलीत आलेला नाही. कुणी मध घालतात; त्याने डोळा चुरचुरतो, मोतीबिंदू जात नाही. काढलेला मोतीबिंदू परत येत नाही, कारण तो ज्या भिंगाला होतो ते भिंगच जागेवर उरलेलं नसतं. काहींच्या नव्या भिंगामागची पातळ पिशवी पुढे धुरकटते, ती लेझरने काही मिनिटांत मोकळी करतात. आणि थंडी? डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या लावून दिवसचे दिवस उताणं पडून राहायचं होतं, तेव्हा उकाडा नको वाटणं रास्त होतं. आज माणूस सकाळी जातो आणि दुपारी घरी येऊन वरणभात जेवतो.

आता त्या 'पिकण्या'कडे वळतो. निम्मा घोटाळा या शब्दानेच केला आहे. आपल्या भाषेत पिकणं शुभ. आंबा पिकतो, शेत पिकतं, केस पिकले की बसायला खुर्ची मिळते. त्यात रोगाचं नावही मोत्याचं! मोती पिकतोय म्हटल्यावर थांबायला नाही कोण म्हणेल? प्रत्यक्षात डोळ्यातलं भिंग म्हणजे पाणी आणि प्रथिनं. वयाबरोबर, मधुमेहाने, स्टिरॉइडने किंवा मार लागल्याने ही प्रथिनं गोळा होतात आणि पारदर्शक भिंग गढूळ होतं, अंड्यातला पांढरा भाग तव्यावर होतो तसं. त्याला पिकणं म्हणायचं तर करपण्यालाही म्हणावं लागेल.

गृहस्थांवर अन्याय नको. त्यांचा सल्ला एके काळी बरोबर होता. सुश्रुताच्या पद्धतीत भिंग बाहेर काढत नसत, डोळ्यातच बाजूला सारत. १७४७ साली फ्रान्समध्ये जाक दाव्हिएल यांनी ते बाहेर काढून दाखवलं. पण कच्च्या मोतीबिंदूचा चिकट गर आत राहायचा आणि डोळा सुजायचा. पिकलेला त्या मानाने सुटा निघायचा. पुढे भिंग पिशवीसकट काढू लागले, पण त्याच्या जागी घालायला काहीच नव्हतं. मग नाकावर सोडावॉटरच्या बाटलीच्या बुडासारखा चष्मा यायचा. त्यातून प्रत्येक वस्तू पाव पट मोठी दिसायची, दाराच्या चौकटी वाकायच्या. एका डोळ्याचं ऑपरेशन झालेलं आणि दुसरा चांगला असेल तर लहान-मोठी अशी दोन चित्रं मेंदूला जुळवता येत नसत. म्हणून डॉक्टरच सांगत, दुसरा डोळाही मंदावू द्या, मग या. त्या काळी हे शहाणपण होतं.

मग २९ नोव्हेंबर १९४९ रोजी लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात हॅरोल्ड रिडली यांनी डोळ्यात पहिलं कृत्रिम भिंग बसवलं. युद्धात लढाऊ विमानांच्या काचेसारख्या प्लॅस्टिकचे कपचे वैमानिकांच्या डोळ्यांत घुसले होते आणि डोळ्यांनी ते निमूट सोसले होते, हे त्यांनी हेरलं होतं. १९६७ मध्ये अमेरिकेतल्या चार्ल्स केलमन यांनी दातांच्या डॉक्टरच्या यंत्रावरून स्फूर्ती घेऊन ध्वनिलहरींनी मोतीबिंदूचा चुरा करून तो शोषून घ्यायची रीत काढली. आता तीन मिलिमीटरहून लहान छेदातून काम होतं, घडी घातलेलं भिंग आत जाऊन उलगडतं.

या रीतीला मोतीबिंदू फार टणक झालेला नको असतो. पिकून दगड झाला की फोडायला जास्त शक्ती लागते आणि तिचा मार बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याच्या आतल्या पेशींना बसतो. त्या पेशी पुन्हा तयार होत नाहीत. नाहीतर छेदच मोठा घ्यावा लागतो. त्याहीपुढे वाट पाहिली तर भिंग फुगतं किंवा आतला गर पाझरतो, डोळ्याचा दाब चढतो आणि डोळ्याची नस दुखावते. म्हणजे नियमाचं कारण गेलं, नियम तेवढा राहिला. बैलगाडी गेली तरी हातात आसूड घेऊन मोटारीत बसावं, तसं हे झालं.

हे पुस्तकी नव्हे. माझी आत्या तांदळातला खडा हाताने चाचपून काढू लागली, तरी आमच्या घरात 'पिकू दे' चाललं होतं. बाहुलीत पांढरा ठिपका दिसला तेव्हा आम्ही, खोटं कशाला सांगू, समाधानाने माना डोलावल्या. एका रात्री डोळा लाल झाला, डोकं फुटायला लागलं, उलट्या सुरू झाल्या. दोन दिवस आम्ही पित्तावर औषध दिलं. पुढे ऑपरेशन नीट झालं. पण दाबाने नस दुखावली ती दुखावलीच. पिकण्याची फळं ती अशी.

असल्या नियमांशी माझं भांडण जुनं आहे. चष्मा लावला की नंबर वाढतो, हे सांगणाऱ्या एका मास्तरांशी मी चाळीस वर्षांपूर्वी वाद घातला होता. छत्री उघडल्याने पाऊस वाढतो का, असं विचारलं, तर ते म्हणाले, उद्धटपणा वाढतो. वाद तिथेच राहिला.

धंद्याचा आरोप मात्र मी झटकत नाही. नुसता डाग दिसला की 'पॅकेज' पुढे करणारे आहेत. पण घाईवर उतारा म्हणजे आढी नव्हे. दुसऱ्या डॉक्टरचं मत घ्यावं.

मग करायचं कधी? रोजच्या कामात अडायला लागलं, आणि नव्या चष्म्यानेही भागेना, तेव्हा. रात्री समोरच्या दिव्यांनी डोळे दिपणाऱ्या ड्रायव्हरने लवकर करावं. तेवढीच नजर असलेल्या, रेडिओ ऐकण्यात रमलेल्या आजोबांनी तपासण्या करत थांबावं. भिंग फुगलं, दाब वाढला किंवा मधुमेह्याच्या डोळ्याचा मागचा पडदा तपासता येईना, तर थांबू नये. जन्मतः मोतीबिंदू असलेल्या बाळाच्या बाबतीत आठवडेही मोलाचे. आणि आधी विचारावं : अंधुक दिसतंय ते मोतीबिंदूमुळेच ना? काचबिंदू असेल तर गेलेली नजर परत येत नाही. ऑपरेशनला धोका आहेच. जंतुसंसर्ग क्वचित होतो, पण होतो; नंतर डोळा दुखला, लाल झाला, नजर उतरली तर त्याच दिवशी दाखवावं. माझं मंडन एवढंच.

व्याख्यानाच्या शेवटी गृहस्थांनी अभिमानाने सांगितलं की, शहात्तराव्या वर्षी त्यांचा वाचायचा चष्मा सुटला आहे. पहाटे गवतावर अनवाणी चालण्याचं हे फळ म्हणे. भिंगाचा गाभा घट्ट होऊ लागला की जवळचं काही काळ असंच छान दिसतं आणि दूरचं हळूहळू निसटतं. मीही डॉक्टर नाही, म्हणून गप्प बसलो. पण व्यासपीठावरून उतरताना त्यांचा पाय पायरीच्या अलीकडेच पडला. मी हात दिला. "कोण?" त्यांनी विचारलं. आम्ही रोज सकाळी एकाच बाकावर बसतो.